बोलण्यापुरती फट

बाबांची कवळी मोडली, त्याच्या दुसऱ्या दिवशी माझा नवरा स्वतःला शोधायला घरातून निघाला. हा माणूस मुळात हरवला कधी, हेच मला आजवर कळलेलं नाही. पन्नाशी उलटली तरी रोज सकाळी त्याच टेबलाशी, त्याच स्टुलावर, तीच वाकलेली पाठ घेऊन बसलेला दिसायचा. काखेत कळसा अन् गावाला वळसा ही म्हण असल्याच लोकांसाठी कोणीतरी करून ठेवली आहे. मला विचारलं असतं तर भांडी घासता घासता सांगितलं असतं, तुम्ही कोण आहात ते. तोंडाने मी त्याला अहो म्हणते. मनात काय म्हणते ते माझं मला ठाऊक.

आमचा धंदा कवळ्यांचा. दातांचे डॉक्टर तोंडाचं माप पाठवतात, आम्ही दात करून देतो. वर घर, खाली दोन खोल्यांची लॅब. पुढच्या खोलीत प्लास्टरची पोती, हिरड्यांसाठीच्या गुलाबी ॲक्रिलिकचे डबे, उकळत्या पाण्याचं पातेलं आणि माझं पॉलिशचं चाक. मागच्या खोलीत खिडकीखाली नवऱ्याचं टेबल, त्यावर मेण, दिवा आणि पट्ट्यांवर ओळीने चिकटवलेले नवेकोरे दात. जिन्याच्या पायथ्याशी एक खुर्ची आणि त्या खुर्चीत बाबा, म्हणजे माझे सासरे. ही लॅब त्यांनी उभी केली. हात थरथरायला लागले तसं त्यांनी काम सोडलं, पण जीभ काही थरथरत नव्हती.

नवऱ्याने केलेली प्रत्येक कवळी आधी त्या खुर्चीपुढे जायची. बाबा ती उजेडात धरायचे आणि तोंडाचा पट्टा सुरू करायचे. "हे दात आहेत का कुंपण? अरे, माणसाच्या तोंडात घालायचंय का घोड्याच्या?" कवळी बहुतेक वेळा चांगलीच असायची. चांगली असली की बाबांना जास्त राग यायचा, कारण मग काय बोलायचं ते शोधावं लागायचं. आणि माझा नवरा? कवळी परत उचलायचा, टेबलाशी जायचा आणि काहीही बदल न करता अर्ध्या तासाने तीच पुन्हा आणून दाखवायचा. मूग गिळायचा, गिळायचा, नुसता गिळायचा. बाप भांडखोर आणि मुलगा बुळा. या दोघांच्या मध्ये मी पंचवीस वर्षं दात घासतेय, दुसऱ्यांचे.

कवळी मोडली तीसुद्धा ओरडताना. बाबांच्या हिरड्या झिजल्या होत्या, कवळी सैल झाली होती. त्या दिवशी एका दाढेच्या रंगावरून त्यांनी जो आवाज चढवला, त्या भरात कवळी तोंडातून उडाली, फरशीवर आपटली आणि दोन तुकडे झाले. समोर डॉक्टरांकडून आलेला माणूस उभा होता, तो हसला. नवरा हसला नाही. त्याने तुकडे उचलले, टेबलावर शेजारी शेजारी ठेवले आणि हात धुतले. दुसऱ्या दिवशी बॅग भरून म्हणाला, "मला आत डोकवायचंय."

"कुठे आत?" मी विचारलं.

"स्वतःच्या."

"मग त्याला बॅग कशाला लागते?"

त्याने एक माहितीपत्रक माझ्या हातात दिलं. शहराबाहेर टेकडीवर कसलंसं शांती केंद्र निघालं होतं. मौन, ध्यान, साधं जेवण आणि अंतर्यामीचा प्रवास, असं सगळं एकाच पानावर छापलेलं. वर केंद्राच्या प्रमुखांचा फोटो. मी त्याला लगेच ओळखला. हा पूर्वी पडदे शिवून द्यायचा. आमच्या बेडरूमचे पडदे यानेच केले होते, वीतभर आखूड. ज्याला खिडकी मोजता आली नाही तो आता लोकांचे आत्मे मोजून देत होता. पण आमच्या ह्यांचे डोळे फोटो बघून पाणावले होते, म्हणून मी गप्प बसले. बसायला नको होतं, पण बसले.

मागे राहिले बाबा, तोंडाचं बोळकं घेऊन. जुनी कवळी चिकटवून चालणार नव्हती, सैल ती सैलच राहिली असती. नवीन हवी होती. मी म्हटलं, "बाबा, मी करते." दात मांडायला मला येतात. बाबांनी कधी मांडू दिले नाहीत, ही गोष्ट वेगळी.

"तुझा हात पॉलिशचा," बाबा म्हणाले. दातांवाचून ते 'पॉलिश' शब्दाचा नुसता फुगा करायचे.

"मग दुसऱ्या लॅबमधून करून घेऊ."

"परक्याच्या हातची मी तोंडात घालणार नाही. तो आला की करेल."

"तो आत डोकावतोय."

"मग बाहेर येईल. आत काय आहे एवढं बघण्यासारखं?"

या एका बाबतीत आमचं दोघांचं मत जुळलं. पण बाबा नुसत्या मतावर जगणार नव्हते. त्यांना पातळ काही चालत नसे. सूप म्हणजे भांड्याचं धुवण, दूध-पाव म्हणजे लहान मुलांचं खाणं, असं म्हणून ताट सरकवायचे आणि चहावर दिवस काढायचे. हट्टाने उपाशी राहणाऱ्या म्हाताऱ्याइतकं बावळट दृश्य जगात दुसरं नसेल. बघता बघता शर्ट अंगावर लोंबायला लागला, मनगटाची हाडं वर आली. घरी आलेल्या डॉक्टरांनी त्यांच्या दंडाची कातडी चिमटीत धरून सोडली, ती तशीच उभी राहिली. बाहेर येऊन ते मला म्हणाले, "यांनी नीट चावून खायला लागलं पाहिजे. असंच चाललं तर नाकातून नळी घालावी लागेल. आणि या वयात नळी एकदा गेली की निघणं कठीण."

त्या दुपारी मी टेकडी चढले.

केंद्रात शिरताना चपला काढायला सांगितल्या, मग फोन ठेवायला सांगितला, मग आवाज. आत मोठा पांढरा हॉल, पांढऱ्या उशा, आणि उशांवर माणसं डोळे मिटून बसलेली. चेहऱ्यावर सगळ्यांच्या एकच भाव, चहात साखर जास्त पडल्यासारखा. माझा नवरा तिसऱ्या रांगेत होता. पडदेवाला पुढे आला. त्याने मला ओळखलं नाही, किंवा पडदे आठवून ओळख दाखवली नाही.

"ते सध्या बोलत नाहीत," तो म्हणाला. "ते खूप खोल गेलेत."

"त्यांच्या वडिलांना नळी घालायची वेळ आलीय. त्यांना वर बोलवा."

"भूक शरीराची असते, ताई."

"हो ना. आणि बाबांना अजून शरीर आहे."

त्याने डोळे मिटून मान डोलावली. काही सुचलं नाही की ही माणसं डोळे मिटतात, लोकांना वाटतं समाधी लागली. मी त्याला बाजूला सारून उशांमधून वाट काढत नवऱ्यापाशी गेले आणि त्याच्या कानाशी वाकून म्हटलं, "बाबा खात नाहीयेत. माझ्या हातची कवळी नको म्हणतात, परकी नको म्हणतात. तुमच्याच हातची हवी म्हणतात."

त्याचे डोळे मिटलेलेच राहिले, पण कान लाल झाले. नळीचं ऐकून न हललेला माणूस 'तुमच्याच हातची' ऐकून हलला. दुसऱ्या दिवशी तो घरी आला.

आला तो शांत होऊन. देवा, काय ती शांती! जिना चढताना प्रत्येक पायरीवर थांबायचा, पाणी पिताना पेल्याकडे बघून हसायचा. मी म्हणावं, "वीजबिल भरायचंय," तर म्हणायचा, "भरलं जाईल." कोण भरणार? आकाशातून कोणी उतरून भरणार होतं का? मीच भरलं. केंद्रात त्याला आत काय सापडलं हे मी विचारलं, तर नुसता हसला. उंटावरचा शहाणा निदान बोलतो तरी.

पण कवळीचं काम त्याने लगेच हातात घेतलं, हे मान्य करायला हवं. डॉक्टरांच्या पेशंटची मापं डॉक्टरच घेतात, पण घरच्या माणसांची तोंडं आम्ही आमची मोजतो. त्याने बाबांना मागच्या खोलीत खिडकीशी बसवलं, हिरड्यांचा साचा घेतला, प्लास्टर ओतलं, मेणाच्या कडा केल्या. बाबा बोळक्या तोंडाने सगळा वेळ बडबडत होते. "अरे, हळू! माझा जबडा आहे, ड्रॉवर नाही. डोंगरावर जाऊन हेच शिकलास?" नवरा हसऱ्या चेहऱ्याने बोटं चालवत राहिला. एकदाही हात अडला नाही.

आता एक गोष्ट सांगितली पाहिजे, नाहीतर पुढचं कळणार नाही. माणूस गप्प बसलेला असतो तेव्हा त्याचे वरचे आणि खालचे दात एकमेकांना टेकत नाहीत. ओठ मिटलेले असतात, पण आत दातांमध्ये थोडीशी फट असते, काडीच्या जाडीएवढी. कवळी करताना आधी गप्प तोंडाची उंची मोजायची, नाकाखाली एक ठिपका, हनुवटीवर एक ठिपका. मग त्यातून ही फट वजा करायची आणि उरेल तेवढी कवळी उंच करायची. बाबा तिला बोलण्यापुरती फट म्हणायचे. ती ठेवली नाही तर कवळी उंच होते, दात सारखे एकमेकांवर आपटतात, बोललं की खडखडतात, चावलं की हिरड्या सोलून निघतात. ही फट ठेवायला बाबांनीच नवऱ्याला शिकवलं होतं, कानफटात देऊन. शिकाऊ पोरही ती विसरत नाही.

नवी कवळी बाबांच्या तोंडात बसली आणि त्यांचा चेहरा एकदम भरला. गालाचे खड्डे गेले, ओठ पुढे आले आणि तोंडावर आपोआप एक मंद हसू पसरलं. बाबा आरशात बघून काहीतरी बोलायला गेले, तर खडखड असा आवाज आला. पुन्हा बोलले. पुन्हा खडखड. शेजारच्या खोलीत कोणी बशा आवरतंय असं वाटलं.

"फट ठेवली नाहीत तुम्ही," मी नवऱ्याला म्हटलं.

"ठेवलीय. सवय व्हायला वेळ लागतो."

"हा सवयीचा आवाज नाही."

"आवाज कवळीचा नसतो," तो मऊ स्वरात म्हणाला, "आतल्या खळबळीचा असतो."

मी हात टेकले. ध्यान करून करून फट ध्यानातून गेली असणार, एवढंच मला वाटलं. आता बाबा ती कवळी काढून याच्या टाळक्यात घालतील, म्हणून मी मजा बघायला उभी राहिले. पण बाबांनी तोंड मिटलं, नवऱ्याकडे बराच वेळ बघितलं आणि हात वर करून 'राहू दे' अशी खूण केली. जिन्याच्या पायथ्याशी खुर्चीत जाऊन बसले. हसरा चेहरा घेऊन, मुकाट्याने.

आणि घर शांत झालं. मी त्या घरात आल्यापासून पहिल्यांदा.

नणंद भेटायला आली तर तिला रडूच फुटलं. "वहिनी, बाबा किती शांत झालेत गं! चेहऱ्यावर काय तेज आलंय!"

"तेज नाही, ॲक्रिलिक आहे," मी म्हटलं.

"तुला मेलीला कशाचं कौतुकच नाही. हे दादाच्या साधनेचं फळ आहे."

बाबा तिच्याकडे बघून हसत होते. दुसरं काय करणार, तोंडच तसं बसवलेलं. मी ताटात उकडलेल्या भाजीचे तुकडे दिले, त्यांनी एक तोंडात घातला, डोळे घट्ट मिटले आणि थोड्या वेळाने तो हळूच रुमालात काढला. नणंदेने ते पाहिलं नाही. ती दादाला केंद्राचा पत्ता विचारत होती.

मग पडदेवाला स्वतः आला, चार शिष्य घेऊन. मुलाच्या शांतीने बाप कसा बदलला, ते दाखवायला. माझ्या लॅबमध्ये, प्लास्टरच्या पोत्यांमधून ही पांढऱ्या कपड्यांची वरात बाबांच्या खुर्चीसमोर उभी राहिली. पडदेवाला म्हणाला, "बघा, बोलण्याची गरजच उरलेली नाही." बाबांनी तोंड उघडलं. त्यांना काय म्हणायचं होतं ते मला पक्कं ठाऊक आहे, त्यात पडदेवाल्याच्या आईचा उल्लेख आला असता. पण बाहेर आली ती नुसती खडखड. एका शिष्येने हात जोडले. सगळे गेल्यावर फरशीवर पांढरी पावलं उमटली होती, ती मी पुसली.

मी रोज म्हणायची, "अहो, कवळी काढा, उंची कमी करा, नवी करा, काहीतरी करा." तो म्हणायचा, "थोडं थांब." मी बाबांना म्हणायची, "काढून द्या, निदान मऊ तरी खा." बाबा मान हलवायचे. दोघांपुढे मी दातांच्या कण्या केल्या. बाबांचा कमरेचा पट्टा आणखी एक भोक आत गेला. डॉक्टर पुन्हा आले आणि या खेपेला म्हणाले, "आठवड्याने बघू. तेव्हाही असंच असेल तर नळी घालू."

त्याच दिवशी दुपारी आमचे एक जुने दाताचे डॉक्टर लॅबवरून जाताना आत डोकावले. "तुमच्या मिस्टरांचा हात काय बसलाय हो हल्ली!" ते मला म्हणाले. "केंद्रातून आल्यापासून ज्या तीन कवळ्या पाठवल्यात, एकीलाही घासावं लागलं नाही. तोंडात घातली, पेशंट बोलत बोलत घरी गेला."

ते गेले. मी पॉलिशचं चाक बंद केलं. तीन परक्या तोंडांत फट बरोबर, आणि सख्ख्या बापाच्या तोंडात गायब. माणूस विसरतो तेव्हा सगळीकडे विसरतो. निवडून निवडून विसरत नाही.

मी मागच्या खोलीत गेले. तो दिव्यावर मेण तापवत होता, चेहऱ्यावर ती साखर.

"तुम्ही मुद्दाम केलंत," मी म्हटलं.

"काय?"

"मला केंद्रातलं हसू दाखवू नका. बाबांची फट तुम्ही मुद्दाम ठेवली नाहीत."

तो म्हणाला, "सगळं जसं व्हायचं असतं..." आणि मी टेबलावरचा प्लास्टरचा एक जबडा उचलून जमिनीवर आपटला. आयुष्यात प्रथमच त्या टेबलावरचं काही मी फोडलं. तुकडे त्याच्या पायाशी गेले. हसू जे चेहऱ्यावरून गेलं ते गेलंच, आणि त्याच्या खाली माझा जुना नवरा निघाला, घाबरलेला.

"हो," तो म्हणाला.

तुकडे ओलांडून मी त्याच्यासमोर जाऊन उभी राहिले.

"तिथे सगळ्यांना आत काही ना काही दिसायचं. कोणाला प्रकाश, कोणाला निळं पाणी. संध्याकाळी बसून सांगायचे. मला काही दिसायचंच नाही. डोळे मिटले की बाबांचा आवाज. 'कुंपण आहे का दात?' दिवसभर. खोल जा म्हणायचे, मी खोल जायचो, तिथेही बाबाच. माझ्या आत मी नाहीच. नुसते बाबा ओरडतायत." दिव्याची वात त्याने कमी केली. "मग तू आलीस. त्यांना माझ्याच हातची हवीय म्हणालीस. मला वाटलं, एकदा बघू. हे तोंड बंद झालं तर आत दुसरं काही ऐकू येतं का ते."

"मग आलं?"

"नाही. आता काहीच येत नाही. पण बरं वाटतं."

मला त्याची किळस आली, हे मी लपवत नाही. सगळी टेकडी चढून, उशांवर बसून, पडदेवाल्याचे पाय धरून या माणसाला जे सापडलं ते हे, की म्हाताऱ्या बापाच्या तोंडात बूच मारलं की बरं वाटतं. आणि त्यातही धमक नाही. तोंडावर 'गप्प बसा' म्हणायची पन्नास वर्षांत हिंमत झाली नाही, ते ॲक्रिलिकमध्ये ओतून दिलं. तरीपण खरं बोलला होता. त्याच्या तोंडून खरं वाक्य ऐकायची मला सवय नव्हती.

"बाप मरेल तुमचा," मी म्हटलं. "शांतपणे मरेल. चला."

तो आला नाही. मी एकटीच बाबांच्या खुर्चीपाशी गेले आणि म्हटलं, "तोंड उघडा." त्यांनी उघडलं. मी कवळी काढली. हिरड्या लालभडक, दोन ठिकाणी सोललेल्या. एवढं दुखत असताना हा माणूस आठवडेच्या आठवडे हसत बसला होता.

"बाबा, ही चूक नाहीये. त्याने..."

"मला काय शिकवतेस?" बाबा बोळक्या तोंडाने म्हणाले. किती दिवसांनी त्यांचा आवाज आला, फुसफुसलेला, पण त्यांचाच. "बसवल्या बसवल्या कळलं मला. लॅब माझी आहे."

"मग घातलीत कशाला? वेड लागलंय का तुम्हाला?"

बाबांनी माझ्या हातून कवळी घेतली आणि उजेडात धरली, जशी नेहमी धरायचे. थरथरतं बोट दातांच्या कडेवरून एकदा फिरवलं.

"बघ ना," ते म्हणाले. "बरोबर फटीएवढीच उंच आहे. केसाने जास्त नाही, केसाने कमी नाही. दोन्ही बाजूंना सारखी. विसरलेल्या माणसाची कवळी अशी नसते, ती वेडीवाकडी असते. हे मोजून केलंय. एवढी नेमकी चूक मला जन्मात जमली नसती." त्यांनी कवळी मांडीवर ठेवली. "मी आयुष्यभर बोललो. त्याने एकदाच काय ते उत्तर दिलं. मग म्हटलं, ऐकून घ्यावं. आणि काम... काम फार सुंदर आहे गं."

मी काही बोलणार तोच मागे पाय वाजले. नवरा दारात उभा होता. केव्हापासून, ठाऊक नाही, पण चेहऱ्यावरून कळत होतं की शेवटचं वाक्य त्याने ऐकलं होतं. आयुष्यभर ज्या एका शब्दासाठी हा माणूस कवळ्या नेऊन नेऊन दाखवत होता, तो शब्द मिळाला कशासाठी, तर बापाला उपाशी मारण्याच्या कामासाठी. मला दोघांनाही एकाच गोणीत घालून त्या टेकडीवर टाकून यावंसं वाटलं. बाप पोटाला चिमटा काढून उत्तर ऐकतोय, मुलगा कवळीत उत्तर लिहितोय, आणि साधं तोंड उघडून बोलायचं म्हटलं तर दोघांची दातखीळ बसते!

"झालं का दोघांचं?" मी ओरडले. "ऐकून झालं, सुनावून झालं? मग आता जेवणाचं बघा. मेण तापलंय. बसा."

या खेपेला दोघांनीही निमूट ऐकलं. बाबांना खिडकीशी बसवलं. नवऱ्याने मेणाच्या कडा नव्याने केल्या, बाबांच्या तोंडात बसवल्या, नाकाखाली ठिपका दिला, हनुवटीवर दिला. गप्प तोंडाची उंची मोजली. फट वजा केली, मला दाखवून. आता राहिली शेवटची परीक्षा. उंची बरोबर आहे का ते माणूस बोलताना बघावं लागतं. बोलताना मेणाच्या कडा एकमेकींच्या अगदी जवळ येतात, पण आपटत नाहीत, तेव्हा कवळी साधली. त्यासाठी पेशंटला बोलतं ठेवायचं, काहीही, नाव-गाव, पोराबाळांच्या गोष्टी.

"बोला, बाबा," नवरा म्हणाला. तो त्यांच्यासमोर गुडघ्यावर बसला होता, हातात कंपास.

बाबांनी तोंड उघडलं. मिटलं.

"काहीतरी बोला. माप मिळत नाहीये."

बाबा त्याच्याकडे बघत होते. ओठ हलले आणि थांबले. मी समजले. शिव्या द्यायच्या नव्हत्या, आणि शिव्यांशिवाय या मुलाशी बोलायचं काय, ते या माणसाला येतच नव्हतं. सगळ्या जगाला बोलणारा, डॉक्टरांना सुनावणारा, हिरड्या झिजेपर्यंत जीभ चालवणारा माणूस, आणि पोटच्या पोराशी बोलायला त्याच्याकडे एक शब्द नव्हता. शोधत होता बिचारा. टेकडीवरच्या सगळ्यांनी मिळून जेवढं आत डोकावलं नसेल तेवढा तो त्या क्षणी डोकावत होता.

मला पहिल्यांदा त्यांची दया आली. आणि दया आली म्हणून राग आला.

मग बाबा म्हणाले, "जेवलास का?"

मेणाच्या कडा जवळ आल्या, आपटल्या नाहीत. माप अगदी बरोबर होतं, मी लांबून पाहिलं. पण ज्याने बघायचं त्याच्या हातातला कंपास खाली लोंबत होता. माझा शांत, आत्मज्ञानी नवरा बापाच्या गुडघ्यावर डोकं टेकून लहान मुलासारखा हुंदके देत होता, आणि बाबा थरथरता हात त्याच्या डोक्याच्या वर धरून बसले होते, ठेवावा की नाही ते न कळून.

"अहो," मी म्हटलं, "मेण गार होतंय. आधी माप घ्या, मग काय रडायचं ते रडा."